टाक्यात सापडलेला गोळा

“दे ती पिशवी इकडं,” मी कुंदाला म्हटलं.

“नको गं. माझी मला झेपतीय.”

“झेपतीय कसली? घडीघडी टेकतीयस. भाकरी आणल्यास का पाटा-वरवंटा?”

“तुझं आपलं काहीतरीच,” असं म्हणून कुंदानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि माझ्या पुढं चालायला लागली.

टेंभळगडाची ती शेवटची चढण नुसत्या हातांनी चढतानाही जीव काढते. कुंदा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती गावात शिवणकाम करायची, माझे ब्लाऊजही तीच शिवायची. लहानपणापासून आमची एक रीत होती. जिच्याकडे ओझं जास्त, तिचं दुसरीनं न विचारता घ्यायचं. त्यामुळं तिनं पिशवी दिली नाही याचं मला जरा लागलंच. पण मी गप्प बसले, कारण त्या दिवशी माझ्या मनात दुसरंच काही होतं. गडावरचा तो माझा शेवटचा रविवार होता. मागच्या रविवारी उतरताना मी ते कुंदाला सांगितलं होतं, फक्त तिलाच.

कारण साधं होतं. नलवडे सरांनी गडमित्र मंडळ काढलं, तेव्हा पहिल्या रविवारी सगळा गाव लोटला होता. सर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की गडावरचं खडकातलं जुनं टाकं उपसायचं. कित्येक पिढ्यांचा गाळ साचून ते जमिनीच्या बरोबरीला आलं होतं आणि त्यात करवंदीची जाळी माजली होती. गडाच्या खांद्यावर धनगरवाडा आहे. तिथल्या बाया उन्हाळ्यात पाण्यासाठी पार खालच्या ओढ्यापर्यंत उतरायच्या. टाकं मोकळं झालं तर त्यांच्या दाराशी पाणी. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्या रविवारी टोप्या आल्या, कॅमेरे आले, सरपंचांनी कुदळीला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या रविवारी निम्मे आले. पुढं कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं लग्न, कुणाची कंबर. गाळ होता तेवढाच राहिला आणि माणसं आटली. शेवटी सर, कुंदा, मी आणि सरांचे दोन-तीन जुने विद्यार्थी एवढेच उरलो.

घरी माझ्या सासूबाईंचं रोजचं चालू होतं. “दगडं उचलायला घरात काय कमी हायेत व्हय गं?” आमचे हे एस्टीत कंडक्टर. त्यांना एक रविवार मिळायचा, आणि त्याच दिवशी बायको चिखलानं माखून दिवेलागणीला घरी. ते बोलायचे नाहीत, पण ताट जरा जोरात सरकवायचे. मी म्हटलं, पुरे झालं. आपण गेलो काय आणि न गेलो काय, त्या टाक्याला काय फरक पडणार आहे?

वर पोचल्यावर मी तटाच्या सावलीत जरा टेकले, कुंदा तशीच पिशवी घेऊन टाक्याकडं गेली. थोड्या वेळानं सरांनी नेहमीसारखी कुदळीची पूजा केली आणि माझ्याकडे वळले. “शालन, आज साखळीत उभी राहू नकोस. तू खाली उतर. त्या पूर्वेच्या कोपऱ्यात खण.”

“मी? सर, मला घमेली द्यायची सवय आहे. खणायचं पोरांना सांगा की.”

“सांगतोय ते ऐक. शाळेत तरी कुठं ऐकत होतीस!”

सगळे हसले. मीही हसले आणि उतरले. सरांचा शब्द आम्ही मोडत नव्हतो. सातवीत असताना मी एकदा पुस्तकावर कागद ठेवून मोराचं चित्र गिरवलं होतं. सरांनी ते सगळ्या वर्गादेखत फाडलं. “वेडंवाकडं चालेल, पण स्वतःचं काढ. गिरवलेलं मला दाखवायचं नाही,” असं म्हणाले होते. तेव्हा मी रडले होते, पण त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनात एका जागी जाऊन बसला, तो बसलाच.

खणायला लागले. माती त्या कोपऱ्यात जरा भुसभुशीत होती. मला वाटलं, ओल असेल. थोड्या वेळानं फावडं खट्‌ वाजलं. दगड म्हणून बाजूला करायला हात घातला तर हाताला गोलाई लागली. नारळाएवढी, सगळीकडून सारखी. मी गुडघ्यावर बसले आणि नखांनी माती काढायला लागले. काळपट, शेवाळलेला, गुळगुळीत गोळा. दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला.

“सर!” मी ओरडले. “सर, हे बघा काय आहे!”

सर धोतर सावरत खाली उतरले. गोळा हातात घेतला, पुसला, कपाळाला लावला. “तोफगोळा,” ते म्हणाले. “दगडी तोफगोळा आहे हा, पोरी. कोणत्या काळातला, कुणी डागायला ठेवलेला, देव जाणे. इतकी वर्षं इथं पडून होता आणि तुझ्या हाताची वाट बघत होता.”

कुंदा कधी खाली उडी मारून आली कळलं नाही. तिनं मला मिठी मारली आणि ढसाढसा रडायला लागली. मग मीही रडले. माझ्या लग्नात नव्हतो रडलो आम्ही दोघी एवढ्या. सर म्हणाले, “ज्या दिवशी या टाक्यात पाणी येईल, त्या दिवशी पहिली ओंजळ शालनची.”

उतरताना कुंदाची पिशवी खांद्यावर हलकी हलकी उडत होती. भाकरी खाल्ल्या म्हणून, असं मला वाटलं.

शेवटचा रविवार वगैरे सगळं मी विसरून गेले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती गोळा डोक्यात घेऊनच. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तेव्हा आमच्या तालुक्याचं एक्स्चेंज हातानं चालायचं. मुंबई-पुण्याला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि लाइन मिळेपर्यंत ताटकळत बसायचं. गावातला प्रत्येक फोनवाला माझ्या कानाशी अडकलेला असायचा. डॉक्टर, आडते, बँकेचे मॅनेजर, कापडवाले, फौजदारीणबाई, कुणी सुटलं नाही.

“लाइन बिझी आहे, थांबा जरा. तोवर एक सांगू का? काल गडावर टाक्यात तोफगोळा सापडला. अहो, खरंच! मी स्वतः काढला. या दोन हातांनी.”

माणसं आधी हसायची, मग विचारायची. कसा दिसतो? किती जड आहे? आणखी असतील का? मी म्हणायचे, “या की रविवारी, बघा स्वतः. आणि आल्यासारखे घमेलं धरा.” आणि लोक आले! आडत्यांनी हमाल पाठवले नाहीत, स्वतः आले. फौजदारीणबाई पंजाबी ड्रेस घालून आल्या, याचीच गावात आठवडाभर चर्चा होती. कॉलेजची पोरं आली, महिला मंडळ आलं. टाक्याच्या तळापासून तटाच्या कडेपर्यंत माणसांची साखळी लागायला लागली. घमेलं खालून निघायचं आणि हातोहात कड्यापलीकडं जायचं. प्रत्येक नव्या माणसाला सर माझ्याकडे पाठवायचे. “आधी शालनताईंकडून गोळ्याची गोष्ट ऐका, मग कामाला लागा.” आणि मी सांगायचे. फावडं खट्‌ वाजलं इथपासून कुंदा रडली इथपर्यंत. कुंदा जवळ असली की गोष्टीच्या त्या जागी दर वेळी पदरानं डोळे टिपायची. मला तिची गंमत वाटायची आणि मायाही यायची.

आमचे हेसुद्धा आले. गोळा दोन्ही हातांत तोलून बघितला आणि म्हणाले, “मायला, खरंच की!” पेपरात आलेली बातमी त्यांनी कापून तिकिटांच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवली. तालुक्यातल्या निम्म्या पॅसेंजरांना ती दाखवून झाली असेल. सासूबाई रविवारी पहाटे उठून सगळ्यांपुरता ठेचा वाटून द्यायला लागल्या. तोवर मी कोण होते? मुळीकांची सून आणि फोनमधला आवाज. आता बाजारात बायका मला हाक मारून पोरांना दाखवायच्या. “ही बघ, हिनंच तो गोळा काढला.” खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. माझ्या शब्दावर माणसं गड चढत होती. माझ्यापाशी दुसरं काय होतं द्यायला?

पुन्हा टाक्यात काही सापडलं नाही, तरी लोक येत राहिले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तळाचा खडक लागला आणि एका भेगेतून पाणी झिरपायला लागलं. जिवंत झरा होता, गाळानं बुजलेला. संक्रांतीपर्यंत टाकं छातीइतकं भरलं. धनगरवाड्यावरच्या हौसामावशी रोज येऊन नुसत्या बघत बसायच्या. सरांनी रविवार ठरवला. जलपूजन, गोळ्याची मिरवणूक, शाळेतून ध्वनिक्षेपक, आणि पहिली ओंजळ माझी.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. काकूंनी सगळ्यांसाठी लाडू केले होते, ते डबे आणायचे होते. सर मांडव घालायला कधीच गडावर गेले होते. काकू संधिवातानं बेजार, त्यांनी गड कधी पायथ्यापासूनसुद्धा नीट बघितला नव्हता. मागच्या दारी बसून त्या लाडूंचे डबे पुसत होत्या.

“आलीस? घामाघूम झालीस गं. तोंडावर पाणी मार आधी. हौदातलं घे, गार असेल.”

परसात हौद होता. त्यावर पत्रा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर दगड. तो उचलल्याशिवाय पत्रा सरकणार नव्हता. मी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि तशीच उभी राहिले. हातांना ते वजन माहीत होतं. ती गोलाई माहीत होती. फक्त एका अंगाला जरासा चपटा होता, आणि रंग कोरा, घरच्या पाट्यासारखा.

“काकू,” मी विचारलं, “हा कुठला?”

“कुठला म्हणजे? तो पहिला. बिघडलेला. पाथरवटानं एका बाजूला जास्त टाकी मारली, मग ह्यांनी दुसरा करून घेतला. ह्यांचं तुला माहीतच आहे, जरा वाकडं झालेलं चालत नाही. मी म्हटलं, टाकता कशाला, माझ्या पत्र्यावर राहू दे.”

काकू आपल्या बोलत होत्या.

“आणि दुसऱ्यापायी तर माझं ताक संपवलं ह्यांनी! जुना दिसायला हवा म्हणून रोज त्याच्यावर ताक ओतायचे, शेण लावायचे. दोन महिने गोठ्यामागं पुरून ठेवला होता. शेवाळ धरल्यावर पोरासारखे नाचले बघ. कुंदा म्हणायची, सर, आता पुरे, मला तो एवढा वर न्यायचाय.”

“कुंदा नेणार होती?”

“तर! भाकरीच्या फडक्यात बांधून नेलान तिनं. अंग धरलं होतं बिचारीचं दोन दिवस. सगळे इथंच बसून ठरवत होते की. शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले, गोळा शालनच्याच हाती लागला पाहिजे. ती बोलकी आहे, एक्स्चेंजात आहे, गावाच्या कानात बसलेली आहे. आणि ती सोडून चालली आहे, तीही राहील.” काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि वर बघितलं. “अगं, अशी काय उभी आहेस? तुला ठाऊक नव्हतं?”

“होतं की,” मी म्हटलं. “विसरले होते जरा.”

त्या बाईला दुखवण्यात काय अर्थ होता? तिच्या मते आम्ही सगळे एकाच कारस्थानातले, आणि कारस्थान चांगल्या कामाचं. मी तोंडावर पाणी मारलं. डबे घेतले. निघताना म्हटलं, “काकू, हा गोळा नेऊ का?”

“ने की. मी दुसरा दगड ठेवीन.”

घरी जाऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. आमचे हे नवीन शर्टाला इस्त्री करत होते, उद्यासाठी. सासूबाईंनी माझी पैठणी काढून ठेवली होती. मी अंथरुणावर पडून एकच हिशोब करत होते. सर, कुंदा, ती सगळी मंडळी माझ्या पाठीमागं बसून बोलली असतील. शालनला सांगायचं नाही. शालन आली की विषय बदलायचा. सातवीतला तो फाडलेला मोर मला आठवत राहिला.

सकाळी कुंदा मला घ्यायला आली, नेहमीसारखी. गजरा आणला होता माझ्यासाठी. आम्ही चढायला लागलो. माझ्या खांद्यावर पिशवी होती आणि ती जड होती.

“दे ती पिशवी इकडं,” कुंदा म्हणाली. “आज तुझा मान आहे. तू मोकळी चाल.”

“नको. माझी मला झेपतीय.”

ती हसली. मी थांबले. म्हटलं, विचारून तरी बघू. “कुंदे, गोळा सापडला त्या दिवशी मी तुझी पिशवी मागितली होती. तू का दिली नाहीस गं?”

तिची पावलं जरा चुकली. लगेच सावरली. “कधी मागितलीस? काहीतरीच तुझं. आठवत नाही बाई मला.”

“नीट आठवून बघ.”

“शालू, एवढ्या दिवसांचं कुणाला आठवतंय? चल, सर वाट बघत असतील.”

मी तिच्या पाठीकडे बघत चढत राहिले. एवढीच माझी मागणी होती. तिनं तिथं वाटेत बसून म्हटलं असतं, ‘चुकलं गं’, तर मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या, रडले असते, आणि मग दोघी वर गेलो असतो. मला खरंच तसं वाटतं.

वर जत्रा भरली होती. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, हलगी वाजत होती, शाळेच्या पोरी लेझीम खेळत होत्या. टाक्याच्या काठावर टेबल, त्यावर लाल कापड, कापडावर हार घातलेला तोफगोळा. सरांनी नवा फेटा बांधला होता. माझे हे पुढं खुर्च्या मांडत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, “आमच्या मिसेस बोलणार आहेत आता.”

सरांनी माइक माझ्या हातात दिला. “मंडळी, ज्या हातांनी हे सगळं सुरू झालं, त्या शालनताई मुळीक!”

टाळ्या थांबेनात. मी सुरुवात केली. मला दुसरं काही सुचलंच नाही, तोंडाला तीच गोष्ट पाठ होती. शेवटची चढण सांगितली. कोपरा सांगितला. फावडं खट्‌ वाजल्याचं सांगितलं. लोक ऐकत होते, पुढं झुकून ऐकत होते. “आणि मग,” मी म्हटलं, “माझी मैत्रीण कुंदा धावत आली...”

कुंदा पहिल्या रांगेत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. अगदी त्याच जागी, दर वेळेसारखा.

गोळा खोटा हे मी रात्रभर कसंबसं गिळलं होतं. पण त्या दिवशी मातीत गुडघ्यावर बसून आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो होतो, त्यातलं खरं रडणं माझ्या एकटीचंच होतं, हे मला आत्ता कळलं.

“कुंदे,” मी माइकमध्ये म्हटलं, “ये इकडं. पुढचं तू सांग. तू तिथं होतीस ना? माझ्या आधीपासून होतीस.”

लोकांना वाटलं, मैत्रिणीचा मान. टाळ्या वाजल्या. कुंदा उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माइक देताना मी तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिला कळलं की मला कळलंय. तिनं सरांकडे बघितलं. सरांनी हळूच मान हलवली.

आणि कुंदा बोलायला लागली.

“मी वरून बघितलं,” ती म्हणाली, “शालूच्या हातात काहीतरी होतं आणि ती थरथरत होती. मला वाटलं, साप चावला की काय. मी उडी मारली. बघते तर काय! अंगावर काटा आला माझ्या...” सापाचं माझ्या गोष्टीत कधी नव्हतं. तिची गोष्ट माझ्याहून चांगली झाली. बायका डोळे पुसायला लागल्या.

तिचं संपेपर्यंत मी थांबले. मग पिशवीतून हौदावरचा गोळा काढला आणि टेबलावर, हार घातलेल्या गोळ्याशेजारी ठेवला.

“हा कुठला आहे,” मी म्हटलं, “ते सरांना विचारा.”

सरांनी गोळ्याकडे बघितलं. चपट्या बाजूवर त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली. ओळख पटलेली मी स्वतः बघितली. त्यांनी कुंदाच्या हातातून माइक घेतला. मला अजून वाटत होतं, हा माणूस बोलेल. ज्यानं गिरवलेला मोर फाडला, तो आता गिरवलेलं दाखवणार नाही.

तेवढ्यात पुढून एक बाई ओरडली, “अगं बया! आणखी एक गावला!”

आणि सरांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी गोळा डोक्यावर उचलला. “मंडळी! टाकं अजून देतंय! आणि दुसराही शालनताईंच्याच हाती लागला!”

जो गजर झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. हलगी कडाडली. पोरी लेझीम घेऊन उठल्या. आमचे हे खुर्चीवर चढून नाचायला लागले. मी सरांचा हात धरून सांगत होते, “सर, तो तुमच्या हौदावरचा आहे. काकूंनी दिलाय मला.” माइक माझ्याकडे नव्हता. ते ऐकू गेलं फक्त टेबलाजवळच्या चार-पाच जणांना, आणि त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

सर माझ्या कानाशी वाकले. “शालन, बघ जरा किती माणसं आलीत. बघ तरी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की काय, ते मला आता ओळखता येत नव्हतं.

मी मांडवातून निघाले. टाक्याच्या पलीकडच्या पायऱ्यांवर हौसामावशी घागर भरत बसल्या होत्या. गोळा, माइक यांतलं त्यांना काही नव्हतं. मला बघून त्यांनी पाण्यात हात घातला.

“हिकडं ये गं. पयली वंजळ तुझी म्हनं. धर हात.”

“नको मावशी.”

“नको काय? उन्हाची चाललीस. पी.”

त्यांनी पाणी माझ्या हातांवर ओतलं. मला तहान लागली होती, मी प्यायले. पाणी गोड होतं. त्याचा मला आणखीच राग आला.

अर्ध्या वाटेवर कुंदानं मला गाठलं. धापा टाकत, पदर कमरेला खोचून. “शालू, थांब. ऐक तरी.”

“बोल.”

“तुला सांगितलं असतं तर तुला बोलताच आलं नसतं गं. तुला खोटं जमत नाही. लहानपणापासून जमत नाही. तुझा आवाज लगेच फुटतो. एकजण तरी खरं मानणारी लागत होती, आणि...”

“आणि मी मिळाले.”

“लोक तुझ्यामुळंच आले, शालू. पाणी आलं की नाही?”

“आलं,” मी म्हटलं. “आणि आत्ता वर मी तुझ्या हातात माइक दिला होता, तेव्हाही पाणी आलेलंच होतं. मग तिथं कशाला खोटं बोललीस?”

ती वाटेत उभी राहिली आणि मी खाली उतरले.

त्यानंतर मी गडावर गेले नाही. आमच्या ह्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “असू दे. कुणाला सांगत बसू नकोस. आपलंच हसं होईल.” पण तिकिटांच्या पेटीतली बातमी मात्र त्यांनी खरवडून काढली. मी सांगितलं दोघा-चौघांना. लोकांना वाटलं, मानापमानावरून बिनसलं असेल. मंडळ पुढं खूप वाढलं. दुसऱ्या गोळ्याच्या बातमीनंतरच्या रविवारी तर म्हणे गडावर उभं राहायला जागा नव्हती. सर गेले तेव्हा अंत्ययात्रेला अख्खा तालुका होता. मी खिडकीतून बघितली. ब्लाऊज मी तेव्हापासून दुसरीकडे शिवून घेते.

मागच्या वर्षी नातीच्या शाळेत गॅदरिंगला गेले होते. तेच आमचं हायस्कूल. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर काचेचं कपाट आहे. त्यात ते दोन्ही गोळे ठेवलेत, एक शेवाळी आणि एक जरासा चपटा. दोन्हींच्या खाली पितळी पट्टीवर माझंच नाव. नातीनं टाळ्या वाजवल्या, मैत्रिणींना ओढून आणलं. “बघा, माझी आजी!” मी काचेजवळ वाकले. गोळे घरंगळू नयेत म्हणून खाली लाल कापडाच्या चुंबळी घातल्यात. बारीक, सरळ धावदोरा, कडेला दुहेरी टीप. ती शिलाई कुणाची, ते मला कुणी सांगायला नको.